पाठीवरचा वारा

सायकलवाल्यांच्या गप्पा बहुधा घाटांच्या असतात. खंबाटकी कोणी न थांबता चढला, वरंध्यात कोणी कुठे पाय टेकले, सिंहगडाच्या शेवटच्या वळणांवर कोणाची जीभ बाहेर आली. सपाट रस्त्याबद्दल कोणी बोलत नाही. त्यात सांगण्यासारखं काय असणार, असा सगळ्यांचाच समज. पण कालव्याकाठच्या मुरमाड वाटेवर एखाद्या सकाळी दोन-अडीच तास सायकल चालवून पाहावी. घाट जे कधीच कळू देत नाही ते ही वाट दाखवते. आपल्या वेगातलं आपलं किती आणि दुसऱ्याचं किती, हे ते.

घाटाचा हिशेब उघड असतो. चढावर दम लागतो आणि तो का लागतो हे समोरच दिसत असतं. उतारावर सायकल आपोआप सुटते, तेव्हा ती आपण पळवत नाही हेही समजतं. उतारावर पन्नासचा वेग गाठला म्हणून शहाणा माणूस स्वतःची पाठ थोपटून घेत नाही. सपाटीवर मात्र चढ नाही, उतार नाही, त्यामुळे जो काही वेग येतो तो आपल्याच पायांचा, असं वाटू लागतं. फसगत होते ती इथेच. सपाटीवरही घाट असतो. तो दिसत नाही इतकंच. तिथे वाराच घाटाचं काम करतो.

नीरेचा डावा कालवा या दृष्टीने फार चांगला गुरू आहे. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात होरपळलेल्या मुलखासाठी हा कालवा खोदला गेला, १८८५ च्या सुमारास त्यात पाणी सुटलं आणि पुढे भाटघरच्या धरणाने त्याला बारमाही आधार दिला. वीरपासून निघून पुरंदर, बारामती, इंदापूर अशा तालुक्यांतून तो पूर्वेकडे जातो. कालव्याला चढता येत नाही. किलोमीटरला जेमतेम वीतभर उतार धरून पाणी पुढे न्यायचं, आणि टेकाड आडवं आलं की त्याच्या अंगाअंगाने वळसा घालायचा, एवढंच त्याला ठाऊक. म्हणून त्याच्या भरावावरची वाट सरळ नसते, पण सपाट असते. ती केली कालव्याची देखभाल करणाऱ्यांसाठी. आता तिच्यावरून उसाचे ट्रॅक्टर जातात, दुधाच्या किटल्या अडकवलेल्या मोटरसायकली जातात, शाळेची पोरं जातात आणि अलीकडे रविवारी सकाळी हेल्मेट घातलेली आमच्यासारखी मंडळीही जातात. एका अंगाला गढूळ, संथ पाणी आणि दुसऱ्या अंगाला ऊस.

या वाटेला गुळगुळीत टायरची बारीक सायकल चालत नाही. मुरूम असतो, मध्येच कोणी खड्ड्यात टाकलेली खडी असते, कुठे भराव खचलेला असतो. म्हणून ग्रॅव्हल सायकल. तिचं टायर साधारण चाळीस मिलिमीटर रुंद, आणि हवा डांबरी रस्त्यावरच्या सायकलीच्या निम्म्याहून कमी. नवख्याला हे उलटं वाटतं. टायर टणक असेल तर सायकल जास्त पळेल, असा आपला अंदाज. डांबरावर तो बऱ्याच अंशी खराही ठरतो. खड्यांवर मात्र टणक टायर प्रत्येक खड्यावर उडतं, सायकलीसकट माणसाला उचलतं आणि प्रत्येक वेळी थोडा वेग खातं. मऊ टायर खडा पोटात घेतं आणि पुढे जातं. ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या आणि मधला गवताचा पट्टा, यांतली एक चाकोरी धरून निघायचं. डोळे बरेच पुढे ठेवायचे. काळ्या मातीचा तुकडा ओला लागला तर सरळ उतरायचं, कारण ती माती चाकात आणि फोर्कमध्ये अशी काही बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

सराट्याचं नाव इथे घ्यायलाच हवं. जमिनीसरपट पसरणारी, बारीक पिवळ्या फुलांची ही वेल दिसायला गरीब. पण तिचं फळ वाळलं की पाच तुकड्यांत फुटतं आणि प्रत्येक तुकडा कसाही पडला तरी त्याचा एखादा काटा वर राहतो. पायात चप्पल नसलेल्या पोराला आणि सायकलीच्या टायरला हे सारखंच कळतं. अमेरिकेतही हा सराटा बाहेरून आलेलं तण म्हणून पसरला आहे आणि तिथले सायकलवाले त्याच्या नावाने तसेच बोटं मोडतात. म्हणून आता ट्यूब काढून टाकून टायरमध्ये चीक भरतात. काटा घुसला की हवेबरोबर तो चीक त्या भोकाशी येतो, तिथेच सुकतो आणि भोक बुजतं. कित्येकदा घरी येऊन टायर पुसताना कळतं की त्यात चार सराटे रुतून बसलेत. वाटेत त्यांचा पत्ताही लागलेला नसतो.

काटा निदान नंतर तरी सापडतो. वारा नंतरही सापडत नाही.

आषाढ-श्रावणात या भागात पाऊस बेताचाच पडतो, सह्याद्रीच्या आडोशाचा हा मुलूख. वारा मात्र पश्चिमेकडून सुसाट येतो. साताऱ्याकडच्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या याच वाऱ्यावर जोरात फिरतात. कालवा वाहतो पूर्वेकडे. म्हणजे पाण्याच्या दिशेने निघालो की वारा पाठीशी. सायकल विशीत चालली आहे आणि वारा ताशी पंधराचा आहे असं धरू. पाठीशी असताना आपल्या अंगावर येणारी हवा ताशी पाचची, समोरून असताना ताशी पस्तीसची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. सातपट हवा म्हणजे एकोणपन्नासपट विरोध. म्हणजे तीच वाट, तीच सायकल, तेच पाय आणि एका दिशेने दुसरीच्या ४९ पट मार. समोरच्या वाऱ्यात कोणी सामान्य माणूस विशीचा वेग टिकवू शकत नाही, तो मुकाट्याने बारा-तेरावर येतो. घाट लागला होता असं म्हणायला मात्र त्याच्याकडे काही नसतं.

पण खरी गंमत जातानाची आहे. पाठीवरचा वारा जाणवत नाही. तो आपल्याच वेगाने आपल्याबरोबर चालत असतो, त्यामुळे अंगाला हवा लागतच नाही. घाम वाळत नाही. टायरने उडवलेली धूळ मागे पडायच्या ऐवजी सोबत चालते. मनात येतं, आज वारा पडलाय वाटतं, कसला उकाडा आहे! आणि लगेच दुसरा विचार येतो, की पडलेल्या वाऱ्यातही आपण चोवीसने चाललो आहोत, म्हणजे गेल्या महिन्याचा सराव अंगी लागला. मदत जितकी पूर्ण, तितकी ती दिसेनाशी होते. समोरच्या वाऱ्याचं तसं नाही. तो कानात घोंघावतो, डोळ्यांत माती टाकतो, सदऱ्याचं शीड करतो. त्याची नोंद शरीर स्वतःहून ठेवतं.

पुरावे असतात, पण ते बाहेर असतात आणि ते मुद्दाम पाहावे लागतात. उसाची पानं कोणत्या बाजूला झुकली आहेत ते पाहावं. पाण्यावरच्या बारीक लाटा कुठे धावताहेत ते पाहावं. कडेचा बगळा उडाला तर तो शक्यतो आधी वाऱ्याकडे तोंड करून उठतो आणि मग वळतो. आपण मागून आलो आणि तो आपल्याच रोखाने उठून बाजूला गेला, तर समजावं की वारा आपल्या पाठीशी आहे. पण इतकं कोण बघतं? वेग चांगला असताना माणूस वेगाचं कारण शोधत नाही. तो आकडा पाहतो आणि खूश होतो.

मग परत फिरायची वेळ येते आणि हिशेब मांडला जातो. चोवीस किलोमीटर चोवीसच्या वेगाने गेलो तर एक तास लागला. तेच अंतर बाराच्या वेगाने परतताना दोन तास. दोन्हींची सरासरी अठरा होईल असं वाटतं. पण अठ्ठेचाळीस किलोमीटरला तीन तास म्हणजे सोळाच. वारा नसता आणि सबंध वाट अठराने कापली असती तर वीस मिनिटं आधी घरी पोचलो असतो. जाताना वाऱ्याने जे दिलं ते येताना त्याने व्याजासकट वसूल केलं. कारण साधं आहे. अनुकूल वाटेवर आपण थोडा वेळ असतो, प्रतिकूल वाटेवर जास्त वेळ. आठवणीतही मग तेच प्रमाण उतरतं. त्या दिवसाबद्दल विचारलं तर माणूस म्हणतो, वाऱ्याने जीव काढला. वाऱ्याने पोचवलं, असं कोणी म्हणत नाही.

ही खोड सायकलवाल्यांपुरती नाही. शाय डेव्हिडाई आणि थॉमस गिलोविच या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१६ साली याच वाऱ्याचं रूपक घेऊन एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या दोन्ही मोठ्या पक्षांच्या लोकांना त्यांनी विचारलं, निवडणुकीची रचना कोणाला जड जाते? दोघांनीही सांगितलं, आम्हाला. खेळाच्या चाहत्यांना आपल्या संघाच्या वाट्याला आलेले अवघड सामने जास्त आठवले. भावंडांत तर थोरल्याला वाटत होतं की आईवडील आपल्याशी जास्त कडक वागले आणि धाकट्याला थोरल्याचं म्हणणं पटत नव्हतं. हा शेवटचा निष्कर्ष काढायला आपल्याकडे कोणाला विद्यापीठात जावं लागलं नसतं. दिवाळीला चार भावंडं एका ताटाला बसली की तो आपसूक निघतो. थोरला म्हणतो, मला जुनी पुस्तकं मिळाली. धाकटा म्हणतो, मला तुझे जुने कपडे मिळाले. आईने दोघांसाठी कोणकोणत्या गोष्टी गुपचूप सोप्या केल्या याची यादी कोणाजवळच नसते, कारण जे सोपं झालं ते घडलंच नाही असं वाटतं.

कालव्याच्या काठाने जाताना हा विचार सायकलीपुरता ठेवता येत नाही. शेजारून वाहणारं पाणीच तो पुढे नेतं. कोणत्याही कालव्याला एक तोंड असतं आणि एक शेपूट. तोंडाशी ज्याची जमीन आहे त्याच्या चारीला पाणी आधी येतं, पुरेसं येतं, वेळेवर येतं. शेपटाच्या माणसाकडे उरलंसुरलं येतं. मधल्या वाटेत झिरपतं, कोणी रात्री दार उचलतं, कोणाच्या चारीत गाळ असतो. एकाच आवर्तनाच्या पाण्यावर एकाचा ऊस डोक्याच्या वर जातो आणि दुसऱ्याची ज्वारी गुडघ्याशी अडते. ज्याचा ऊस वर गेला तो खोटं बोलत नसतो. त्याने खरोखर कष्ट केलेले असतात. पहाटे उठून दारं धरलेली असतात, खतावर खर्च केलेला असतो. त्याला दिसतात ते हे कष्ट. पाणी आधी आलं हे त्याला दिसत नाही, कारण ते नेहमीच आधी येतं.

दुसऱ्या एका कालव्याच्या अगदी शेवटच्या चारीवर एक म्हातारा बांधावर बसला होता. सायकल पाहून त्याने हाक मारली, "कुठनं आलाय पावनं?" गाव सांगितलं. कालव्याकाठाने आलो म्हटल्यावर तो हसला आणि म्हणाला, "कालवा येतो की आमच्यापत्तूर. पाणी येतंच असं न्हाई." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पावसाबद्दल बोलावं तसा तो बोलला. समोरचा वारा ज्याला रोजचाच झाला आहे त्याला त्याचीही सवय होते, आणि मग तोही त्याला वारा म्हणेनासा होतो.

तोंडाकडच्यांना दोष देऊन हे सुटत नाही, आणि त्यांना अपराधी वाटून तर मुळीच सुटत नाही. अपराधी वाटणारा माणूस चार दिवस हळहळतो आणि पाचव्या दिवशी पहिल्यासारखंच दार उघडतो. सुटतं ते हिशेब बदलल्याने. नीरेच्या याच कालव्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली. पाण्याचा लाभ थोड्या जागी साचू न देता तो अनेक गावांत वाटायचा, आणि प्रत्येक गावात ठरलेल्या जमिनीच्या ठोकळ्यापुरतंच भिजवायचं, असं तिचं सूत्र होतं. पाणी आधी शेपटाला द्यायचं आणि मग वर वर यायचं, ही रीतही सिंचनवाल्यांना ठाऊक आहे. जिथे ती मनापासून पाळली जाते तिथे शेपूट हिरवं दिसतं. ज्याच्या हाती पाणी आधी लागतं त्याने ते शेवटी घ्यायचं, एवढाच बदल. वरच्याचं फार काही जात नाही. पाणी येणार की नाही ही धास्ती मात्र पहिल्यांदा त्याला कळते.

आणि या खोऱ्याच्या उत्तरेला, पुरंदरच्या कोरड्या माळावर, विलासराव साळुंखे यांनी याहून मुळाशी हात घातला. ते इंजिनिअर, पुण्यात स्वतःचा कारखाना चालवणारे. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी हा भाग पाहिला आणि नायगावला काम सुरू केलं. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचा नियम थोडक्यात असा : पाणी जमिनीच्या मापाने मिळणार नाही, माणसांच्या मोजणीने मिळेल. घरातल्या माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ज्याच्याकडे जमीनच नाही त्यालाही पाण्यात वाटा. आणि ऊस लावायचा नाही. हा शेवटचा नियम ऐकून खाली कालव्यावरची माणसं नक्कीच चमकली असतील. पण या नियमांत कोणाला चांगलं किंवा वाईट ठरवलेलं नाही, कोणाला उपदेश केलेला नाही. कोणाच्या वाट्याला नशिबाने कोणती जमीन आली हे हिशेबातून काढून टाकलं, इतकंच. त्यामुळे जे पीक आलं त्यात ज्याचं त्याचं कर्तृत्व किती हे पहिल्यांदाच नीट मोजता आलं.

आपल्या आयुष्यात इतकी चोख व्यवस्था कोणी लावून देत नाही. आपल्याला कोणत्या घरात जन्म मिळाला, शाळा किती पावलांवर होती, पहिल्या नोकरीच्या वेळी कोणी शब्द टाकला, आजारपणात कोणाच्या गाडीतून दवाखान्यात पोचलो, यांतलं काहीच आपल्या वेगाच्या आकड्यात दिसत नाही. दिसतो तो वेग. त्यामुळे निदान स्वतःपुरती एक सवय लावून घेता येते. वाट सोपी वाटू लागली की उसाच्या पानांकडे बघायचं. सगळं सुरळीत चाललं आहे, अंगाला वारा लागत नाही, आपण फार छान चाललो आहोत असं ज्या क्षणी मनात येईल, तोच तपासायचा क्षण. समोरच्या वाऱ्याची नोंद ठेवायला कष्ट पडत नाहीत, ती आपोआप होते. पाठीवरच्या वाऱ्याची नोंद हाताने करावी लागते.

पाठीवरचा वारा दुसऱ्याला देता येत नाही, हेही खरं. आपल्या पाठीशी असलेला वारा काढून कोणाच्या हाती ठेवता येत नाही. समोरचा वारा मात्र वाटून घेता येतो, आणि सायकलवाले ते रोज करतात. कालव्याच्या वाटेवर परतताना पाच-सहा जण एकामागे एक एका चाकोरीत येतात. पुढचा माणूस हवा फोडतो आणि त्याच्या मागच्यांना बराच कमी मार बसतो. काही मिनिटांनी पुढचा बाजूला होतो, मागे जाऊन लागतो आणि दुसरा पुढे येतो. यात जोमदार माणूस जास्त वेळ पुढे राहतो, थकलेला थोडाच वेळ राहतो, अगदीच दमलेल्याला पाळी माफ असते. आणि ज्याला आज माफ झाली तो पुढच्या खेपेला न सांगता पुढे येतो. कोणी नियम लिहून ठेवलेले नाहीत, पण पाळी चुकवणारा लगेच ओळखू येतो.

यात एक पथ्य आहे आणि ते नवख्याला हमखास ठाऊक नसतं. पुढे आलेल्याने जोर चढवायचा नसतो. पुढे आल्यावर अंगात येतं, मागचे बघताहेत असं वाटतं आणि तो पायडल दाबतो. मग रांग तुटते, मागचा एकटा पडतो आणि त्याला सगळा वारा पुन्हा स्वतःच झेलावा लागतो. पुढे राहायचं ते मागच्याच्या वेगाने. वारा पाठीशी असताना पुढे धावण्यात काही विशेष नाही, तेव्हा कोणीही धावतं. तो समोर आला की पुढे जावं, आपल्या पाळीपेक्षा थोडं जास्त थांबावं आणि मान वळवून मागच्याला विचारावं, "झेपतंय ना रे?"